कशाला लंब?

पुठ्ठ्याचा एक चौरस मी वर्गात कायम जवळ ठेवत असे. त्याची एक बाजू टेबलाच्या कडेशी धरून "हा कोणता आकार?" असं विचारलं की सहावीचा सगळा वर्ग एका सुरात "चौरस" म्हणायचा. मग मुलांच्या डोळ्यांदेखत तो पुठ्ठा जरा फिरवायचा, एक कोपरा खाली येईल इतका, आणि पुन्हा तोच प्रश्न. "पतंग." "शंकरपाळं." एखादी मुलगी जपून "समभुज चौकोन" म्हणायची. ते खोटं नव्हतं, पण त्याला अजूनही चौरस म्हणायला ती तयार नसायची. "कोपरे काटकोनातच आहेत ना?" यावर बरीच मुलं नकारार्थी मान हलवायची. त्यांच्या मते कोपरे आता तिरपे झाले होते.

विदर्भातल्या खेड्यांत गणित शिकवताना हे मी दरवर्षी पाहिलं. सुरुवातीला वाटायचं, मुलांचं लक्ष नाही. पुढे मीच फळ्यावर काढलेल्या आकृत्यांकडे नीट पाहिलं. माझा प्रत्येक चौरस पायावर उभा होता. प्रत्येक त्रिकोणाचा पाया फळ्याच्या खालच्या कडेला धरून होता. समांतर रेषा म्हणून मी दोन आडव्या रेघा काढत होतो आणि लंब म्हणून आडव्या रेघेवर एक उभी रेघ. पुस्तकातही बहुतेक तसंच आणि प्रश्नपत्रिकेतही तसंच. मुलांनी आकृती चेहऱ्यासारखी लक्षात ठेवली होती. चेहरा उलटा धरला की ओळखीचा माणूसही अनोळखी वाटतो.

नेदरलँड्समधले पिएर व्हॅन हीले आणि डिना व्हॅन हीले-गेल्डोफ हे दोघे पती-पत्नी, दोघेही शिक्षक. १९५७ साली उट्रेख्तला त्यांनी जे प्रबंध सादर केले, त्यांत हीच गोष्ट पायरी-पायरीने मांडली आहे. मूल आधी आकृती अख्खी पाहतं, "दारासारखी दिसते म्हणून आयत" असं. तिच्या बाजू आणि कोन वेगळे काढून पाहणं ही पुढची पायरी. सिद्धता त्याच्याही बऱ्याच पुढची. खालची पायरी कच्ची राहिलेल्या मुलाला वरच्या पायरीवरून कितीही समजावलं तरी ते त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, ते फक्त पाठ करतं. आपल्याकडे नववीच्या भूमितीत दुसरंच प्रकरण समांतर रेषांचं आहे. छेदिका, संगत कोन, व्युत्क्रम कोन, आंतरकोन आणि त्यांच्या सिद्धता. ते प्रकरण चांगलं आहे. पण तिथे पोहोचणाऱ्या कित्येक मुलांच्या मनात "समांतर" म्हणजे अजूनही "आडव्या" असतं.

लंब आणि समांतर हे रेषेच्या अंगचे गुण नाहीत, ती दोन रेषांमधली नाती आहेत. एखादी बाई नुसती "जाऊ" नसते, कुणाची तरी जाऊ असते. रेषाही नुसती लंब नसते. म्हणून भूमितीच्या तासाला सर्वांत जास्त वेळा विचारला जायला हवा असा प्रश्न आहे "कशाला?" कशाला लंब? कशाला समांतर? तो प्रश्न शाळेत जवळजवळ ऐकू येत नाही, आणि शाळेबाहेर मात्र तो मराठी माणसाच्या तोंडात दिवसभर असतो.

मांजर आडवं गेलं, असं आपण म्हणतो. ते कशाला आडवं गेलं? माझ्या वाटेला. वाट पूर्वेकडे जाणारी असो की दक्षिणेकडे, मांजराने ती ओलांडली की ते आडवं. शेतात कृषी सहायक सांगतो, "उताराला आडवी पेरणी करा." इथे आडवी म्हणजे कागदाच्या खालच्या कडेसारखी असा अर्थ कुणी घेत नाही. पाणी ज्या दिशेने धावतं, तिला काटकोनात पेरणीचे तास (ओळी) पडले पाहिजेत, म्हणजे प्रत्येक तास छोट्या बांधासारखा पाणी अडवतो आणि माती वाहून जात नाही. उतार वळला की पेरणीची दिशाही वळते. अडाणी समजला जाणारा शेतकरी "आडवं" हा शब्द अचूक वापरतो, कारण त्याच्या लेखी तो कायम कशाला तरी आडवं असा असतो. त्याचाच मुलगा शाळेत येतो आणि त्या शब्दातून "कशाला" गळून पडतं.

याला थोडा हातभार "लंब" या शब्दाचाही आहे, हे मान्य केलं पाहिजे. लंब, लंबक, अवलंब, लोंबणं, सगळे एकाच घरातले शब्द, आणि सगळ्यांत लटकणं आहे. गवंड्याचा ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, तोही त्याच घरचा. युरोपातही तेच झालं, त्यांच्या "पर्पेंडिक्युलर" या शब्दाच्या मुळाशी असलेला लॅटिन शब्द ओळंब्याचंच नाव आहे. माणसाने काटकोन पहिल्यांदा बहुधा असाच पाहिला असणार, दोरीला दगड बांधून तो खाली सोडला तेव्हा. पण त्यामुळे शब्दातच एक दिशा अडकून बसली, वरून खाली. मुलाने "लंब" ऐकलं की तो वरून खाली रेघ ओढतो. दिलेली रेषा तिरपी असली तरी.

म्हणूनच गवंड्याच्या पिशवीत दोन वेगवेगळी साधनं असतात, आणि भूमिती शिकवणाऱ्या प्रत्येकाने ती दोन्ही हातात धरून पाहावीत असं मला मनापासून वाटतं. ओळंबा आणि गुण्या. ओळंबा भिंत उभी आहे की नाही ते सांगतो. त्याचं नातं पृथ्वीच्या ओढीशी आहे. गुण्याला पृथ्वीशी काही देणंघेणं नाही. तो एवढंच सांगतो की ही कड त्या कडेशी काटकोनात आहे. जमिनीवर आडवा ठेवा, भिंतीवर तिरपा धरा, आढ्याला उलटा लावा, त्याचं सांगणं बदलत नाही. डोंगरउतारावर घर बांधलं तर भिंत ओळंब्यात असते, पण जमिनीच्या उताराला ती काटकोनात नसते. उभं आणि लंब यांतला फरक याहून स्पष्ट मला कुठल्याही पुस्तकात सापडलेला नाही. शाळेत आपण कंपासपेटीतला प्लॅस्टिकचा गुण्या मुलांच्या हाती देतो आणि मनात मात्र ओळंबा भरवतो.

आता तर एक गंमतशीर सत्य असंही आहे की दोन ओळंबे एकमेकांना समांतरसुद्धा नसतात. दोघांच्या दोऱ्या पृथ्वीच्या मध्याकडे रोखलेल्या असतात. एका घराच्या दोन टोकांना हा फरक कुणाला दिसणार नाही. पण न्यूयॉर्कच्या व्हेराझानो पुलाचे दोन मनोरे १,२९८ मीटर अंतरावर आणि सुमारे २११ मीटर उंच आहेत. दोन्ही आपापल्या जागी सरळ उभे. १९६४ मध्ये सुरू झालेल्या या पुलाच्या मनोऱ्यांची टोकं पायथ्यापेक्षा सुमारे ४ सेंटिमीटरने एकमेकांपासून लांब आहेत. "दोन्ही उभ्या, म्हणून समांतर" असं म्हणणाऱ्या मुलाला हे सांगून पाहा. तो विचार करायला लागतो, आणि त्या क्षणी भूमिती सुरू होते.

माझ्या वर्गात एक मुलगा होता, वडील गवंडी. चाचणीत "लंब रेषा म्हणजे काय?" या प्रश्नासमोर त्याने जागा कोरी सोडली होती. त्याच आठवड्यात रविवारी एका घराच्या पायाची आखणी चालली होती. तिथे तो दोरीचं दुसरं टोक धरून उभा दिसला. एका दोरीवर तीन फुटांवर खूण, दुसरीवर चार फुटांवर खूण, आणि दोन खुणांमधलं अंतर पाच फूट भरेपर्यंत बाप त्याला सांगत होता, "आत घे, अजून थोडं आत." पाच भरलं तेव्हा बापाने खुंटी ठोकली. मग तेच सहा, आठ, दहाने पुन्हा करून पाहिलं, कारण माप मोठं घेतलं की चूक लहान राहते. कोपरा एक अंश जरी चुकला तरी दहा फुटांवर भिंत सुमारे दोन इंच सरकते, मग फरशी बसवताना ते उघडं पडतं. हे त्या मुलाला ठाऊक होतं. मी त्याला शून्य गुण दिले होते.

यज्ञवेदी आखण्याचे नियम सांगणारे आपले प्राचीन ग्रंथ म्हणजे शुल्बसूत्रं, आणि शुल्ब म्हणजे दोरी. आयताच्या कर्णावरची दोरी त्याच्या दोन बाजूंनी वेगवेगळी केलेली क्षेत्रं एकत्र निर्माण करते, असं बौधायनाने शुल्बसूत्रात सांगितलं. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात शंकूची, म्हणजे जमिनीत उभ्या रोवलेल्या खुंटीची, सावली सकाळी आणि दुपारनंतर तिच्याभोवतीच्या वर्तुळाला जिथे टेकते ते दोन बिंदू जोडून पूर्व-पश्चिम रेषा काढण्याची रीत आहे. आपण मुलांना हे अभिमानाने सांगतो. पायथागोरसच्या आधी आपल्याकडे, असं वाक्य मुलं भाषणात घोकतात. पण त्या मुलांच्या हातात दोरी कुणी दिली? ज्या परंपरेचं नावच दोरी आहे, तिचा गौरव दोरीला हात न लावता करणं मला फार दुःखाचं वाटतं.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला वेळेचा, त्याकडे मी नंतर येतो. दुसरा जास्त गंभीर आहे आणि तो चांगल्या गणितज्ञ मंडळींकडून येतो. भूमितीचं मोल सिद्धतेत आहे, मोजण्यात नाही. गवंड्याचा काटकोन कामापुरता असतो, युक्लिडचा काटकोन निखळ असतो. हात मळवून घेण्याच्या नादात मुलांची तर्काची सवय सुटेल. सिद्धतेचं मोल मलाही तेवढंच वाटतं, म्हणून या आक्षेपाला उत्तर द्यायला हवं.

गुण्या खरा आहे की खोटा, हे गवंडी कसं ओळखतो ते पाहा. सपाट फरशीवर एक सरळ रेघ मारायची. गुण्याची एक कड तिला लावून दुसऱ्या कडेने रेघ ओढायची. मग गुण्या पालथा करून, त्याच बिंदूपाशी, उलट्या बाजूने पुन्हा रेघ ओढायची. दोन्ही रेघा एकीवर एक पडल्या तर गुण्या खरा. त्यांच्यात फट राहिली तर गुण्यात जेवढी चूक आहे त्याच्या दुप्पट फट दिसते. आता युक्लिडने काटकोनाची व्याख्या काय केली आहे? एका सरळ रेषेवर दुसरी सरळ रेषा उभी राहून शेजारचे दोन कोन समान होत असतील, तर त्यांतला प्रत्येक कोन काटकोन. नव्वद अंश नाहीत, वर-खाली नाही, कागदाची कड नाही. शेजारचे दोन कोन सारखे, बस. गुण्या पालथा करणं ही त्या व्याख्येचीच कृती आहे. व्याख्या आणि कृती यांत दरी असते असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा मुलांसमोर करून दाखवावं. मी दाखवलं तेव्हा पहिल्यांदाच एका मुलीने विचारलं, "मग दोन्ही कोन मिळून सरळ रेघ होते, म्हणजे प्रत्येकी नव्वदच यायला हवेत ना?" तिने नव्वद हा आकडा पाठ न करता मिळवला.

दुसरं उदाहरण चौकटीचं. सुतार दाराची चौकट जोडतो तेव्हा समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत का ते बघतो, आणि मग टेप घेऊन दोन्ही तिरपी मापं, म्हणजे कर्ण, मोजतो. ती सारखी भरली की चौकट गुण्यात आहे. का? इथून सिद्धता सुरू होते. समोरच्या बाजू सारख्या, म्हणजे समांतरभुज चौकोन. कर्ण सारखे, म्हणून खालच्या बाजूवरचे दोन त्रिकोण तिन्ही बाजूंनी एकरूप, म्हणून त्या बाजूचे दोन्ही कोन सारखे. समांतर बाजूंमधले आंतरकोन मिळून १८० अंश, म्हणून प्रत्येक ९०. आठवी-नववीतलं सगळं या एका चौकटीत आलं. आणि नुसते कर्ण मोजून का भागत नाही? कारण दोन तिरप्या बाजू सारख्या असलेल्या समलंब चौकोनाचेही कर्ण समान असतात. मुलांना हा प्रतिवाद स्वतः शोधू द्यावा, चार पट्ट्या आणि चार खिळे एवढं सामान पुरतं. ज्या मुलाने कललेली चौकट हाताने सरळ केली आहे त्याला सिद्धतेची गरज समजते. हाताने आणि तर्काने शिकणं एकमेकांच्या विरुद्ध आहे, हे मला कधीच पटलं नाही.

जाता जाता "समलंब" या शब्दाबद्दल. बाजूंची एक जोडी समांतर असलेल्या चौकोनाला आपण समलंब म्हणतो, आणि मुलं त्याकडे नुसतं नाव म्हणून बघतात. शब्द उघडून पाहिला तर त्यात अख्खी कल्पना आहे. दोन समांतर बाजूंच्या मध्ये कुठेही लंब टाका, सगळे लंब सम. समांतर ओळखायची किल्ली लंबात आहे, हे या मराठी शब्दाने सांगून ठेवलं आहे.

मुलींना यातलं बरंच आधीच येत असतं, त्याची दखल कोण घेतं? ठिपक्यांची रांगोळी काढणारी मुलगी तिरपा चौरस रोज काढते. एका ठिपक्यापासून दोन पुढे आणि एक वर जायचं, तिथून एक मागे आणि दोन वर, मग दोन मागे आणि एक खाली, मग एक पुढे आणि दोन खाली. चौरस पूर्ण. चारही कोपरे काटकोनात, आणि एकही बाजू उभी नाही की आडवी नाही. दोन-एक ची अदलाबदल करून एक दिशा उलटली की काटकोन होतो, हे तिच्या बोटांना माहीत असतं. निर्देशक भूमितीत एकमेकींना लंब असलेल्या दोन रेषांच्या चढांचा गुणाकार उणे एक येतो तो याचमुळे. तिची आई लाटलेल्या पोळीवर सारख्या अंतराने समांतर रेघा मारते, मग दुसऱ्या दिशेने तेवढ्याच अंतराने, आणि शंकरपाळ्यांच्या चारही बाजू सारख्या येतात, रेघा कुठल्याही कोनात छेदल्या तरी. कपडे शिवणाऱ्या घरात "उरेब" हा शब्द सगळ्यांना कळतो, उभ्या-आडव्या धाग्यांना तिरपं कापलेलं, म्हणून ताणलं जाणारं कापड. आणि कपाशी चौफुलीवर, म्हणजे दोन्ही दिशांनी सारख्या अंतरावर, लावलेल्या शेतात डवरा (तण काढायचं अवजार) दोन्ही दिशांनी फिरतो तो समांतर ओळींच्या दोन जोड्यांमुळेच. या सगळ्या मुला-मुलींना आपण सांगतो की तुम्हाला भूमिती येत नाही. ती त्यांना येते. आपण त्यांच्या भाषेत विचारत नाही.

आता वेळेचं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, कुंभार, माळी, कलाकार अशा स्थानिक कारागिरांबरोबर काम शिकावं, अशी अपेक्षा आहे. कल्पना मोलाची आहे. माझी भीती एवढीच की हे दिवस सहलीसारखे होतील: एक भेट, थोडे फोटो, एक अहवाल, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फळ्यावर पायावर उभा चौरस. यातले निदान तीन दिवस गणिताच्या तासाला जोडले पाहिजेत, त्याच इयत्तेच्या त्याच प्रकरणाला. सुतार चौकट जोडून दाखवेल तेव्हा गणिताचा शिक्षक तिथे उभा असला पाहिजे आणि "कर्ण सारखे का मोजले?" हा प्रश्न त्याने तिथेच विचारला पाहिजे. त्यासाठी वेगळा वेळ लागत नाही, आहे तो वेळ एकत्र लागतो.

जिथे कारागीर मिळणार नाही तिथेही अडत नाही. वेड्यावाकड्या फाटलेल्या वर्तमानपत्राचा तुकडा घ्या, एक घडी घाला, मग त्या घडीची कड स्वतःवरच येईल अशी दुसरी घडी घाला. चारही बाजू फाटक्या, आणि मध्ये नेमका काटकोन. हा गुण्या प्रत्येक मुलाच्या खिशात राहू शकतो. तो घेऊन मुलांनी शाळेतली खिडकी, फळा, पायरी, वहीचा कोपरा तपासावा आणि प्रत्येक वेळी लिहावं: कशाला लंब, कशाला समांतर. "उभं" आणि "आडवं" हे शब्द त्या तासापुरते बंद.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांकडे माझी एक साधी मागणी आहे. भूमितीच्या आकृत्यांपैकी निम्म्या तरी अशा छापा की त्यांची एकही बाजू कागदाच्या कडेला समांतर नसेल. खर्च काहीच नाही. पण परीक्षेत जे येतं तेच वर्गात शिकवलं जातं हे आपण सगळे जाणतो, म्हणून पुढच्याच वर्षी फळ्यावरचे चौरस फिरायला लागतील.

कित्येक शाळांच्या आवारात दर दोन-चार वर्षांनी एखादी नवी खोली, स्वच्छतागृह किंवा कुंपणाची भिंत बांधली जाते. मी शिकवत असताना माझ्या वर्गापासून पन्नास पावलांवर दोन महिने बांधकाम चाललं होतं आणि आत मी काटकोनाची व्याख्या लिहून देत होतो. खिडकीतून तिकडे पाहणाऱ्या मुलांना मी दोनदा रागावलो. त्या गवंड्याला एकदाही आत बोलावलं नाही, हे मला आजही सलतं. त्याला बोलावलं असतं तर त्याचं काम तासभर थांबलं असतं आणि मुकादमाने मजुरी कापली असती, हेही खरं. म्हणून हे मजुराच्या भलेपणावर सोडून चालणार नाही. दप्तराविना दिवसांसाठी जो काही निधी येतो त्यातून त्याला दिवसाची पूर्ण मजुरी मिळाली पाहिजे, त्याला बसायला खुर्ची दिली पाहिजे, आणि शाळेच्या पाहुण्यांच्या नोंदवहीत त्याच्या नावासमोर विषय लिहिला पाहिजे: गणित.